राजा सँडो : देहाचा नट आणि आवाजाचे युग

तंजावर म्हटले की मराठी मनापुढे व्यंकोजींची गादी उभी राहते, सरस्वती महालातील पोथ्या दिसतात, सरफोजी राजांचे नाव ओठांवर येते. भोसल्यांचे ते राज्य १८५५ मध्ये संपले; पण कावेरीच्या त्या सुपीक खोऱ्यातले गाणे काही संपले नाही. तिरुवय्यारू येथे त्यागराजांची समाधी आहे, आणि कुंभकोणम, पापनाशम, मायावरम ही जुन्या तंजावर जिल्ह्यातील गावे आजही संगीतानेच ओळखली जातात. या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेला लागून पुदुक्कोट्टै नावाचे एक लहानसे संस्थान होते. तंजावर शहरापासून ते सुमारे साठ किलोमीटरांवर. पण कावेरीचे पाणी मागे पडले की जमीन रुक्ष होते आणि शेतकऱ्याची नजर तळ्यांकडे व आभाळाकडे लागते. तेथील तोंडैमान राजांचे तंजावरच्या मराठ्यांशी कधी सख्य असे, कधी उघड वैर. या पुदुक्कोट्टैत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, एक मुलगा जन्मास आला. त्याच्याजवळ गाता गळा नव्हता. होते ते कमावलेले शरीर, आणि त्या एका भांडवलावर तो पुढे मुंबईच्या मूकपटांचा नायक झाला. त्याचे नाव पी. के. राजा सँडो.

हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हे. 'सँडो' हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहे, निदान बिनबाह्यांच्या बनियनमुळे तरी! ज्या गृहस्थावरून तो आला तो युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला बलवान. तोही जन्माने सँडो नव्हताच. फ्रीडरिश म्यूलर हे त्याचे खरे नाव. १८९४ मध्ये एडिसनच्या चित्रशाळेत यंत्रापुढे उभे राहून त्याने आपले स्नायू फुगवून दाखविले. चलच्चित्राने ज्या माणसांना सर्वांत आधी टिपले, त्यांत हा एक होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, आणि त्याचे नाव गावोगावच्या तालमींतून पसरले. पिळदार अंगाचा कोणीही तरुण दिसला की लोक त्याला 'सँडो' म्हणू लागले. तमिळ मुलखात तर ही पदवीच झाली. पुढे 'देवर फिल्म्स' काढणारे कोइमतूरचे चिन्नप्पा देवर हेही आपल्या नावामागे 'सँडो' लावीत.

पुदुक्कोट्टैचा हा तरुण व्यायामपटू मुंबईस आला. त्याला आश्रय मिळाला तो एका मराठी माणसाच्या कंपनीत. श्रीनाथ पाटणकर हे आपल्या चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. नारायणराव पेशव्यांच्या वधावर त्यांनी १९१५ मध्येच चित्रपट काढला होता. आज त्यांचे नाव दादासाहेब फाळक्यांच्या छायेत झाकले गेले आहे, हा थोडा अन्यायच. पाटणकरांच्या नॅशनल फिल्म कंपनीत राजा सँडो प्रथम साहसाची कामे करणारा नट म्हणून राहिले. उंचावरून उडी टाकणे, झोंबी खेळणे, पडणे आणि पुन्हा उठणे हे त्या कामाचे स्वरूप. अशा नटाचे हातपाय हेच त्याचे भांडवल असते, आणि एखादे हाड मोडले तर त्याची भरपाई देणारा कोणताही करार त्या काळी नसे. १९२२ मध्ये पाटणकरांच्या 'भक्त बोडाणा'त आणि पुढल्या वर्षी 'वीर भीमसेन'मध्ये ते प्रेक्षकांपुढे आले. बलदंड माणसाला आधी भीम करावे, ही निर्मात्याची बुद्धी सर्व देशांत सारखीच. इटलीत जिनोआच्या बंदरावर ओझी उचलणारा बार्तोलोमेओ पगानो १९१४ मध्ये 'काबीरिया' चित्रपटात बलाढ्य गुलाम झाला आणि जन्मभर त्याच भूमिकेत अडकून राहिला.

राजा सँडो मात्र भीमातच अडकले नाहीत. मुंबईच्या मूकपटांनी १९२५ नंतर पुराणकथांचा हात सोडून शहराकडे पाहण्यास सुरुवात केली होती. 'टेलिफोन गर्ल' आणि 'टायपिस्ट गर्ल' हे दोन्ही चित्रपट १९२६ चे. नावांवरूनच काळ कळतो. त्यांत सुलोचना या नावाने गाजलेली रूबी मायर्स होती. ती चित्रपटात येण्यापूर्वी खरोखरच टेलिफोन ऑपरेटर होती. या चित्रपटांत राजा सँडो कोटपाटलोणीतला नायक झाले. १९२७ च्या चंदुलाल शहांच्या 'गुणसुंदरी'त गोहरबरोबर त्यांनी काम केले. घरात राबणाऱ्या, कर्तव्यदक्ष पण नीरस पत्नीला कंटाळून बाहेर रमणारा नवरा, आणि त्याला परत आणण्यासाठी स्वतः बदलणारी बायको, असा तो विषय. तालमीतून आलेल्या माणसाने घरातल्या दिवाणखान्यात शोभून दिसावे, हा त्यांच्या अभिनयाचा मोठाच विजय म्हटला पाहिजे.

हे शक्य कशामुळे झाले? उत्तर साधे आहे. चित्रपट मुका होता. पडद्यावर मजकुराच्या पट्ट्या येत, त्या इंग्रजी, गुजराती, हिंदी अशा अनेक भाषांत लिहिलेल्या असत, आणि ज्यांना वाचता येई ते शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवीत. नायकाच्या ओठांतून कोणती भाषा येते हे कोणालाच ऐकू येत नव्हते. म्हणून तमिळभाषी राजा सँडो गुजराती कुटुंबातले पती होऊ शकले, बगदादी यहुदी कुळातली रूबी मायर्स सुलोचना होऊ शकली, आणि गिरगावातला प्रेक्षक त्या दोघांनाही आपले मानू शकला. देहाला प्रांत नसतो. त्या आठ-दहा वर्षांत या देशात जे एक अखिल भारतीय रंगस्थान उभे राहिले होते, तसे पुन्हा क्वचितच झाले.

त्या काळातच ते दिग्दर्शनाकडे वळले. १९२८ चा 'स्नेहज्योती' हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. पुढे मद्रासला आर. पद्मनाभन यांच्या असोसिएटेड फिल्म कंपनीसाठी त्यांनी 'पेयुम पेण्णुम' व 'नंदनार' (१९३०), 'अनादै पेण्' (१९३१) असे मूकपट केले. दक्षिणेत तेव्हा देवदेवतांचे चित्रपटच चालत. राजा सँडोंनी समाजातले विषय आणले, आणि प्रणयदृश्येही पुष्कळ धिटाईने घेतली. नटांची नावे पडद्यावर देण्याची प्रथा तमिळ चित्रपटात पाडण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. ज्याने आपली कारकीर्द अनामिक उड्या मारण्यात सुरू केली, त्याला नावाचे मोल कळले असल्यास नवल नाही. पापनाशमचे वकील के. सुब्रह्मण्यम, ज्यांच्या 'त्यागभूमि'वर पुढे ब्रिटिश सरकारने बंदी घातली, ते या कंपनीतच चित्रपटाचा पहिला धडा शिकले.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' बोलू लागला. या चित्रपटाचा नायक मराठी होता, मास्टर विठ्ठल. तलवार, घोडा, उड्या यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु हिंदीचे उच्चार त्याला साधेनात, म्हणून नायकाला बराच वेळ बेशुद्धावस्थेत ठेवण्याची युक्ती करावी लागली. हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा नायक बोलत नाही! त्याच वर्षाच्या अखेरीस पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' आला. तोही मुंबईतच तयार झालेला. त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मी तंजावर जिल्ह्यातील तिरुवय्यारूची. तिला गळा होता. तिच्यासाठी नवे युग म्हणजे दार उघडणे होते. विठ्ठल आणि राजा सँडो यांच्यासाठी ते अर्धवट मिटले.

सर्वच बलवानांचे असे झाले असे नव्हे. इंग्लंडचा व्हिक्टर मॅक्लॅग्लन मुष्टियोद्धा होता, १९०९ मध्ये जॅक जॉन्सनशी लढलेला. त्याला १९३५ च्या 'द इन्फॉर्मर' या बोलपटाने ऑस्कर मिळवून दिले. लंडनमध्ये परवान्याविना मुष्टियुद्धे लढणारा आणि नाइट क्लबच्या दारावर पहारा देणारा लेनी मॅक्लीन हाही १९९८ मध्ये पडद्यावर आला तो आपल्या खरबरीत बोलीसकट. पण त्यांची बोली आणि त्यांच्या चित्रपटाची बोली एकच होती. राजा सँडोंपुढे प्रश्न वेगळा होता. मुंबईची भाषा त्यांची नव्हती, आणि तमिळ बोलपटाला हवा होता गाणारा नट. एकेका चित्रपटात तेव्हा पन्नास-पन्नास गाणी असत.

ते काही काळ मुंबईत टिकून राहिले. १९३४ च्या 'इंदिरा एम. ए.'त सुलोचनेबरोबर ते पुन्हा दिसले. नंतर त्यांनी निर्णय घेतला, आणि तो शहाणपणाचा ठरला. त्यांनी पडद्यामागची जागा स्वीकारली. १९३५ चा 'मेनका' हा टी. के. एस. बंधूंच्या गाजलेल्या नाटकावरून केलेला चित्रपट. मूळ कादंबरी वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार यांची, आणि वडुवूर हे गाव मन्नारगुडीजवळचे, म्हणजे पुन्हा तंजावर जिल्ह्यातलेच. विनोदी नट एन. एस. कृष्णन यांचे दर्शन तमिळ प्रेक्षकांना याच चित्रपटाने घडविले. पुढल्या वर्षी 'चंद्रकांता' आला. त्यात त्यांनी पी. यू. चिन्नप्पा या तरुणाला आणले. हा त्यांच्याच पुदुक्कोट्टैचा, कुस्ती व काठीची विद्या शिकलेला. जणू त्यांचीच धाकटी प्रतिमा. फरक एवढाच की चिन्नप्पाला गाता येत होते. या एका फरकाने तो तमिळ चित्रपटाचा आघाडीचा नायक झाला.

आणि १९३९ मध्ये 'तिरुनीलकंठर'. नायक मायावरमचे एम. के. त्यागराज भागवतर, त्या काळी तमिळ मुलखात ज्यांच्या गाण्यासाठी माणसे वेडी होत. ज्या आवाजाने राजा सँडोंचे युग संपविले, त्याच आवाजाला कोठे उभे राहावे आणि कोणीकडे पाहावे हे आता ते सांगत होते. भागवतरांबरोबरचा पुढचा चित्रपट 'शिवकवि' त्यांनीच सुरू केला. पापनाशम शिवन यांची गीते त्याला होती. परंतु काम अर्ध्यावर असताना सूत्रे श्रीरामुलू नायडूंकडे गेली आणि १९४३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तो त्यांच्या हातून. याच सुमारास कोइमतूर येथे राजा सँडो हृदयविकाराने वारले. वय पन्नाशीच्या आतबाहेर.

तमिळनाडू सरकारने पुढे राज्य चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या नावाचा एक पुरस्कार ठेवला. त्यांचे मूकपट मात्र बहुतेक सारे नष्ट झाले. जुनी फीत नायट्रेटची, झटकन पेटणारी. जी जळाली नाही ती तिच्यातील चांदीसाठी वितळविली गेली. दक्षिणेतील मूकपटांपैकी 'मार्तंड वर्मा' हा १९३३ चा जवळजवळ एकटाच पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात सुरक्षित आहे. 'शिवकवि'तली भागवतरांची गाणी आजही ऐकावयास मिळतात.