दात केव्हा काढावा? : रुग्णाची भाषा आणि दंतवैद्याचा निर्णय

दातांच्या तक्रारीसाठी मराठीत चार क्रियापदे विशेष रूढ आहेत : दात किडतो, दुखतो, ठणकतो, हलतो. दंतवैद्यापुढे बसलेला रुग्ण त्यांच्याच आधारे 'काढूनच टाका' असा निकाल देऊन मोकळा होतो. तथापि यांपैकी एकही क्रियापद दात काढण्यास स्वतःहून पुरेसे कारण नव्हे, हे येथे दाखवावयाचे आहे.

'किडणे' प्रथम घेऊ. दातात अळी असते ही समजूत अनेक देशांत होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती अमान्य केली. पुढे १८९० मध्ये मिलर याने, तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्ट व साखर यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो, असे प्रतिपादन केले. समजूत गेली, शब्द राहिला. आणि किडके ते उपटून फेकावे ही वृत्तीही त्याच्या आश्रयाने राहिली. वस्तुतः किती किडले यापेक्षा, कीड कोरून काढल्यावर निरोगी भाग किती उरतो हे पाहावयाचे असते. हिरडीच्या वर सभोवार सुमारे २ मिलिमीटर भक्कम दात उरला, तर त्यावर बसविलेली टोपी बहुधा टिकते. मूळच उभे चिरले असेल, तर मात्र दात सहसा वाचत नाही.

'दुखणे' त्याहून फसवे आहे. थंड पाण्याने उठलेली कळ लगेच विरली, तर पुष्कळदा दात भरून भागते. ती रेंगाळू लागली, रात्री आपोआप ठणका लागू लागला, म्हणजे रुग्ण जिला 'नस' म्हणतो तो आतील मऊ भाग वाचण्याजोगा राहिलेला नाही असे समजतात. पण नस गेली म्हणजे दात गेला असे नव्हे. मुळातील नलिका स्वच्छ करून भरता येतात. खरा घात करते ते पाचवे क्रियापद, 'थांबले'. प्रस्तुत लेखकाची एक खालची दाढ दोन आठवडे ठणकून एकाएकी शांत झाली. दुखणे थांबले, असे त्याने घरी समाधानाने सांगितले. थांबली होती ती नस. मुळाशी पू साचत होता. काही महिन्यांनी हिरडीवर फोड आला, तोवर दाढ हाडाखालपर्यंत पोखरली होती व ती काढावी लागली. (गालावर सूज, ताप, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास, अशी लक्षणे असतील तर मात्र विचार करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.)

'हलणे' हे हाडाचे लक्षण आहे. थोडा हलणारा दात हिरड्यांच्या उपचाराने पुष्कळदा सावरतो. दाबल्यावर आत रुतणारा क्वचितच.

क्रियापदे सोडून आता एका षष्ठ्यंत पदाकडे वळू : 'दुधाचा'. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात, आणि ती किडली तर 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. ती गेल्यावर नवी येत नाही. शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेत कलते आणि समोरची हळूहळू खाली उतरते.