बाण हिरवा, नफा निम्मा

विक्री बजेटच्या वर गेली म्हणजे महिना चांगला गेला. आर्थिक डॅशबोर्ड वाचताना होणारा सर्वांत महागडा गैरसमज हाच. तो आकडे मांडूनच तपासायला हवा.

समजा, फराळाचे डबे करणाऱ्या एका उद्योगाने महिन्याचं बजेट असं धरलं: 1,000 डबे, डब्याचा भाव 500 रुपये आणि कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंतचा खर्च डब्यामागे 400 रुपये. विक्री 5 लाख, खर्च 4 लाख, नफा 1 लाख. (भाडं, पगार तूर्त बाजूला ठेवू.) प्रत्यक्षात 1,200 डबे खपले, पण सूट द्यावी लागल्याने सरासरी भाव 430 रुपयेच मिळाला. खर्च डब्यामागे 390 रुपये आला. आता डॅशबोर्ड काय दाखवतो? विक्री 5 लाख 16 हजार, बजेटपेक्षा 3.2 टक्के जास्त, बाण हिरवा. खर्च 4 लाख 68 हजार, बजेटपेक्षा 17 टक्के जास्त, बाण लाल. बैठकीत विक्री विभागाची पाठ थोपटली जाते आणि उत्पादन विभागाला जाब विचारला जातो.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1,200 डबे करायला बजेटच्याच दराने 4 लाख 80 हजार लागले असते. उत्पादन विभागाने उलट 12 हजार वाचवले. जादा खपलेल्या 200 डब्यांनी प्रत्येकी 100 रुपयांप्रमाणे 20 हजारांची भर घातली. फटका बसला तो भावात: डब्यामागे 70 रुपये, म्हणजे 1,200 डब्यांवर 84 हजार. एक लाखात 20 हजार मिळवले, 84 हजार वजा केले आणि 12 हजार परत मिळवले की उरतात 48 हजार. ज्याची पाठ थोपटली त्याच निर्णयाने नफा निम्म्याखाली आणला.

खर्चलेखनात याला लवचिक बजेट म्हणतात: आधी बजेट प्रत्यक्ष नगांच्या संख्येवर आणायचं, मग तफावत काढायची. ही पायरी गाळली तर पुढचा चार्ट कितीही देखणा असो, तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवणार. वरचा हिशेब दाखवायला वॉटरफॉल चार्ट उत्तम. एक्सेलमध्ये तो 2016च्या आवृत्तीपासून तयार मिळतो. पहिला स्तंभ बजेटच्या नफ्याचा, शेवटचा प्रत्यक्ष नफ्याचा आणि मधल्या पायऱ्या नग, भाव, खर्च अशा. कोणत्या पायरीवर पैसे गेले ते पाहणाऱ्याला लगेच कळतं.

सॉफ्टवेअरला चांगलं-वाईट कळतं, हाही एक समज आहे. तसं नसतं. पॉवर बीआयच्या केपीआय कार्डात तीन गोष्टी भराव्या लागतात: प्रत्यक्ष आकडा, लक्ष्य आणि काळाचा अक्ष. जास्त म्हणजे चांगलं, असं ते मुळातच धरून चालतं. वीजबिल, परतावे किंवा थकलेली येणी दाखवायची असतील तर ही दिशा आपणच उलटी करायची असते. दुसरी खोच याहून घातक आहे. त्या कार्डावरचा मोठा आकडा वर्षाची बेरीज नसते, तो काळाच्या अक्षावरच्या शेवटच्या बिंदूचा असतो. महिन्यांची नावं नुसता मजकूर म्हणून भरली आणि इंग्रजी वर्णक्रमाने लागली, तर शेवटी येतो सप्टेंबर. मग मार्चअखेरच्या बैठकीत सगळे मन लावून सप्टेंबरचा आकडा चर्चितात! महिन्यांना क्रमांकाचा वेगळा स्तंभ देऊन त्यानुसार क्रम लावला की हा घोळ टळतो.

टक्केवारीचंही तसंच. तफावत भागिले बजेट, हे सूत्र बजेट ऋण असलं की उलटं बोलू लागतं. नव्या शाखेचं बजेट 10 लाखांच्या तोट्याचं होतं आणि तोटा 5 लाखांवर थांबला, तर सूत्र उणे 50 टक्के दाखवतं. सुधारणा झाली आणि बाण लाल! भाजकाचं चिन्ह काढून टाकलं तर रंग सुधारतो, पण 1 लाख तोट्याच्या जागी 9 लाख नफा झाला की 1,000 टक्के असा काहीच न सांगणारा आकडा समोर येतो. माझ्या मते अशा ओळीत टक्केवारीचा रकाना कोरा ठेवावा आणि तफावत रुपयांतच सांगावी. तसंच, नफ्याचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आलं तर ती घट 2 टक्केबिंदूंची असते. तिला 2 टक्के म्हणू नये, कारण टक्केवारीने मोजली तर तीच घट 10 टक्के भरते.

गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी केलेली तुलना बिनचूक असते, असं मानणाऱ्यांनी पंचांग उघडावं. गणेश चतुर्थी 2024 साली 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला. मिठाईवाल्याचा 2025चा ऑगस्ट डॅशबोर्डवर झळकला आणि सप्टेंबर कोसळला, तर त्यात धंद्याची हुशारी किंवा चूक शोधणं व्यर्थ आहे. सण सरकला होता. आपल्याकडच्या व्यवसायांनी ऑगस्ट-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा जोड्या लावून तुलना करावी. वार्षिक बजेटला सरळ बाराने भागणंही याच कारणाने चूक. दिवाळीच्या जोरावर चालणाऱ्या दुकानाला जूनमध्ये वर्षाचा बारावा हिस्सा गाठायला लावणं अन्यायाचं आहे.

स्पीडोमीटरसारख्या गोल तबकड्या भारदस्त दिसतात, पण एका आकड्यासाठी बरीच जागा खातात. स्टीफन फ्यू यांनी 2006च्या 'इन्फॉर्मेशन डॅशबोर्ड डिझाइन' या पुस्तकात त्यांना पर्याय म्हणून बुलेट ग्राफ मांडला: आडवी पट्टी प्रत्यक्षाची, उभी खूण लक्ष्याची. अशा दहा पट्ट्या एकाखाली एक सहज मावतात. तफावत ठळक दिसावी म्हणून अक्ष शून्याऐवजी 4 लाखांपासून सुरू करणंही टाळावं. स्तंभाची लांबी हेच त्याचं म्हणणं असतं. तफावतीचे स्तंभ शेजारी स्वतंत्र काढावेत. आणि लाल-हिरव्यासोबत अधिक-उणे चिन्ह हवंच. कित्येक पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, शिवाय बऱ्याच कार्यालयांत अहवाल काळ्या-पांढऱ्यातच छापला जातो.

राहिला प्रश्न लाल रंग कधी लावायचा याचा. सगळ्या ओळींना 5 टक्क्यांची एकच मर्यादा लावली तर 8 हजारांच्या स्टेशनरीत 4 हजार जास्त गेले की लाल दिवा लागतो आणि 40 लाखांच्या कच्च्या मालात दीड लाख जास्त गेले तरी हिरवाच राहतो, कारण ती वाढ 4 टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणून मर्यादा दोन हव्यात. तफावत ठरलेल्या टक्क्यांबाहेर गेली पण रुपयांत किरकोळ असली, तर रंग नको. रुपयांची मर्यादा मोठ्या फरकाने ओलांडली, तर टक्के कितीही असोत, लाल. या मर्यादा एप्रिलमध्येच, पहिला आकडा येण्याआधी, लिहून ठेवाव्यात. आकडे येऊ लागल्यावर ठरवायला बसलं की प्रत्येक विभाग आपापली ओळ हिरवी राहील अशीच मर्यादा मागतो.