जपानांतील शुभ घुबड

आपल्याकडे एखाद्या मुलास 'घुबड' म्हटलें तर तें रडूं लागेल. आणि रात्रीं घराजवळ घुबड बोललें तर घरांतील वडील मंडळी चिंतेंत पडतात. जपानांत मात्र हाच पक्षी मातीचा, लांकडाचा किंवा गवताचा घडवून लोक हौसेनें घरांत ठेवतात व आप्तेष्टांस भेट देतात. याचें कारण शोधूं लागल्यास आपण प्रथम व्याकरणाच्या तासास येऊन पोहोंचतों.

घुबडास जपानी भाषेंत 'फुकुरो' म्हणतात. 'फु' म्हणजे नाहीं, 'कुरो' म्हणजे कष्ट. अर्थात् कष्टांचा अभाव. तोच शब्द 'फुकु' आणि 'रो' असा तोडला म्हणजे 'भाग्याची टोपली' असा अर्थ निघतो. सभंग श्लेष शिकवितांना जीं उदाहरणें आम्हां शिक्षकांस शोधावीं लागतात, त्यांत हें एक घालावयास हरकत नाहीं. शिवाय कर्जांत बुडालेल्या मनुष्याविषयीं 'त्याची मान वळत नाहीं' असें जपानी लोक म्हणतात. घुबडाचे डोळे खोबणींत फिरत नाहींत, म्हणून तें आपली मानच सुमारें २७० अंश वळवितें. ज्याची मान इतकी वळते त्यास कर्ज कोठून असणार!

परंतु हा मान घुबडास पूर्वींपासून होता असें नाहीं. घुबडाचें पिलूं मोठें झालें कीं आपल्या आईस खातें, अशी एक खोटी समजूत चीनमधून जपानांत आली होती. गुन्हेगाराचें छाटलेलें मस्तक लोकांस दिसेल असें ठेवण्याची जी शिक्षा १८७९ सालीं रद्द झाली, तिच्या नांवांतही घुबडाचेंच अक्षर होतें.

अशा या बदनाम पक्ष्याचें एक खेळणें एका मातृभक्त मुलीच्या कथेशीं जोडलेलें आहे. टोकियोच्या झोशिगाया भागांत किशिमोजिन देवीचें मंदिर आहे. कुमे नांवाच्या गरीब मुलीची आई आजारी पडली. औषधास पैसा नव्हता. तिनें मंदिरांत प्रार्थना केली, तेव्हां सुसुकी नांवाच्या रुपेरी तुऱ्यांच्या गवताचीं घुबडें करून वीक, असा तिला आदेश झाला. घुबडें खपलीं आणि आईस औषध मिळालें. तुरे जुळवून बांधले म्हणजे पक्ष्याचें मऊ, गुबगुबीत अंग तयार होतें. ही किशिमोजिन म्हणजे आपल्या बौद्ध कथांतील हारीती होय. दुसऱ्यांचीं मुलें खाणारी ही यक्षिणी बुद्धाच्या उपदेशानें मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तिची मूर्ति आहे. घुबडास तिच्याच दारीं आश्रय मिळावा यांत नवल तें काय!

एदो काळांत (१६०३–१८६८) देवीच्या रोगानें पुष्कळ मुलें दगावत, कित्येकांची दृष्टि जाई. तांबडा रंग हा रोग दूर ठेवतो अशी समजूत असल्यामुळें आजारी मुलाजवळ तांबडें, मोठ्या डोळ्यांचें घुबड ठेवीत. मूल वांचविण्याचें सामर्थ्य त्या खेळण्यांत नव्हतें. तें काम १८४९ सालीं जपानांत आलेल्या लसीनें केलें. तरी तें उशाशीं ठेवणाऱ्या आईचें मन आपणांस कळतें.

उत्तरेकडील होक्काइदो बेटांतील आइनू लोकांचा आदर मात्र शब्दांच्या खेळावर उभा नाहीं. तेथें मासे खाणारें एक प्रचंड घुबड आहे. त्याचे पंख पसरले असतां सुमारें सहा फूट भरतात. त्यास आइनू लोक 'कोतान-कोर-कामुय', म्हणजे गांव सांभाळणारा देव, म्हणतात. चिरि युकिए या आइनू मुलीनें आपल्या लोकांचीं गीतें लिहून त्यांचें जपानींत भाषांतर केलें. १९२२ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, ती वारली. पुस्तक १९२३ सालीं निघालें. त्यांतील पहिलें गीत घुबडदेव स्वतः गातो.

अकान सरोवराकांठच्या आइनू वस्तींत आजही लांकडी घुबडें कोरून विकतात. खरें घुबड मात्र विरळ झालें. तें जुन्या, मोठ्या वृक्षांच्या ढोलींत घरटें करतें. जंगलें तुटलीं, नद्यांतील मासे कमी झाले, आणि भाग्याच्या पक्ष्यास राहावयास जागा उरली नाहीं. १९७१ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. पुढें लोकांनीं रानांत झाडांवर मोठ्या पेट्या बसविल्या. त्या पेट्यांत आतां हें घुबड एक किंवा दोन अंडीं घालतें.