ठराव झाला, पायरी कोण काढणार?

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घरातील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण त्यातील एक गोष्ट आपण घाईघाईने ओलांडून जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे आपले झाले होते! तरीही आपल्या माणसाला त्यातले ओंजळभर पाणी मिळाले नाही. ते मिळवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. ठराव म्हणजे समता नव्हे. पण ठरावाशिवाय भांडायला आधारही नाही. हीच कसोटी सातासमुद्रापलीकडच्या एका शहराला लावून पाहू. ते शहर म्हणजे अमेरिकेच्या वायव्य टोकाचे सिअॅटल. आपल्या समाजाशी या शहराचा संबंध नुकताच आला आहे, तो पुढे सांगतोच.

आज सिअॅटल पुढारलेले शहर म्हणून मिरवते. पण एके काळी तेथील अनेक वस्त्यांत घराच्या खरेदीखतातच अट असे की, हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये, भाड्याने देऊ नये. त्यामुळे कृष्णवर्णीयांना 'सेंट्रल डिस्ट्रिक्ट' या एकाच भागात दाटीवाटीने राहावे लागे. गावकुसाबाहेरचा महारवाडा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. घर देताना भेदभाव करू नये असा नियम १९६४ साली लोकांच्या मतदानाला टाकला, तेव्हा गोऱ्या बहुसंख्येने तो दोनास एक मताने फेटाळला. बहुमत नेहमी न्यायाच्या बाजूने असतेच असे नाही, हे बाबासाहेबांचे म्हणणे तेथेही खरे ठरले. पुढे १९६७ साली सॅम स्मिथ हे पहिले कृष्णवर्णीय सभासद नगर परिषदेवर निवडून आले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि १९ एप्रिलला परिषदेने तो नियम एकमताने केला. सभागृहात आपला माणूस असणे आणि रस्त्यावर चळवळ असणे, दोन्ही लागते ते असे.

तरीही विषमता गेली नाही, कारण ती कार्यालयांच्या रोजच्या कामात मुरलेली होती. म्हणून २००४ साली महापौर ग्रेग निकेल्स यांच्या कारकिर्दीत या शहराने वांशिक व सामाजिक न्यायाचा एक कार्यक्रम हाती घेतला. त्यातला विचार मला, एका कारकुनाला, फार पटला. एखादी योजना किंवा अंदाजपत्रकातील मागणी मांडताना खात्याने काही प्रश्नांची उत्तरे द्यायची. याचा फायदा कोणाला? बोजा कोणावर? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारले का? आकडे काय सांगतात? नुकसान टाळण्यासाठी काय करणार? भाषणात समता सांगणे सोपे असते. ती टिपणीत आणि जमाखर्चात लिहावी लागली की खरी परीक्षा होते. २०२३ साली हा कार्यक्रम शहराच्या कायद्यात घालण्यात आला, म्हणजे महापौर बदलला तरी तो सहजासहजी गुंडाळता येऊ नये.

आता अपंगांचे पाहा. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये, असा कायदा अमेरिकेत १९७३ साली झाला. त्याचे कलम ५०४ प्रसिद्ध आहे. पण अंमलबजावणीच्या नियमांवर चार वर्षे सहीच होईना! अखेर एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग स्त्री-पुरुषांनी ठिय्या दिला. कोणी चाकाच्या खुर्चीवर, कोणी अंध, कोणी कर्णबधिर. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथेच राहिले. त्यांना रोज गरम जेवण कोणी पोचवले? कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेने. आपल्याकडच्या दलित पँथरने १९७२ साली जिचे नाव घेतले, तीच ही संघटना. अखेर सही झाली. पुढे १९९० साली अपंगांचा व्यापक कायदा आला व नगरपालिका त्याच्या कक्षेत आल्या.

तरीही सिअॅटलच्या पदपथांवर चाकाची खुर्ची चढत नव्हती. २०१५ साली तेथील तीन अपंग नागरिक कोर्टात गेले. २०१७ साली तडजोड झाली ती अशी की, शहराने अठरा वर्षांत, दरवर्षी १,२५० याप्रमाणे, २२,५०० रॅम्प बांधायचे किंवा दुरुस्त करायचे. कायद्यानंतर सत्तावीस वर्षांनी! पण या वेळी आकडा आणि मुदत दोन्ही लिहून घेतले होते. मोजता येते तेच मागता येते.

याच शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. पुण्यात जन्मलेल्या सभासद क्षमा सावंत यांनी हा कायदा मांडला. सहा विरुद्ध एक मताने तो मंजूर झाला. नोकरी, घर, सार्वजनिक ठिकाणे यांत जातीवरून कोणाला डावलले तर शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. आंबेडकरी माणसांनी सभागृहात उभे राहून बाजू मांडली. मात्र कॅलिफोर्निया राज्यात विधिमंडळाने मंजूर केलेले असेच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले.

पण इथेही चवदार तळ्याचा धडा विसरू नये. जो आडनाव लपवून नोकरी करतो, त्याला तक्रार करण्यासाठी आधी आपली जात सांगावी लागते. ती पायरी चढण्याचे बळ त्याला समाजानेच द्यायचे आहे.

आणि आपल्या शहरांचे काय? आमच्या वस्तीतील एक मावशी पायाने अधू आहेत. एका दाखल्यासाठी त्या कार्यालयात गेल्या, तेव्हा काम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. त्या खाली जिन्यापाशी बसून राहिल्या आणि त्यांची नात वर-खाली चार खेपा घालत राहिली. शेवटी 'अर्जदाराने स्वतः यावे' असे सांगून परत पाठवले. आपल्याकडे २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा आहे. पण त्या जिन्याला तो कोणी वाचून दाखवलेला नाही!

म्हणून सिअॅटलचे प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला विचारू या. या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या वस्तीच्या वाट्याला किती? गटार साफ करणाऱ्याच्या घरी नळाला पाणी किती वाजता येते? रॅम्प किती आणि कधीपर्यंत? उत्तर लेखी घ्या. तोंडी दिले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. महिला मंडळांनी आणि शिकलेल्या मुलामुलींनी विहारात बसून असा एक तरी अर्ज एकत्र लिहावा.

मावशींचा दाखला अजून व्हायचा आहे. पुढच्या सोमवारी आम्ही सातआठ जण त्यांच्याबरोबर जाणार आहोत. साहेबांनी खाली येऊन सही घ्यावी, एवढीच मागणी आहे, आणि ती आम्ही लिहून नेणार आहोत.