ऋण फेडणारी कुस्ती

गावच्या जत्रेतील कुस्तीला बहुधा तिकीट नसते. नारळ, फेटा आणि वर्गणीतून जमविलेले रोख इनाम यांवर मल्ल संतोष मानतो. जंगी कुस्त्यांची रीत निराळी. तेथे नामांकित मल्लांच्या जोड्या आधी ठरतात, भिंतींवर पत्रके झळकतात आणि लोक पैसे मोजून आत येतात. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. असे मैदान भरले म्हणजे मल्लांचे इनाम व इतर खर्च भागूनही काही रक्कम हाती उरते. ही रक्कम एखाद्या मल्लाने स्वतःसाठी न ठेवता दुसऱ्याच्या कारणी लावली तर? कोल्हापुरात असे घडले आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस ते गेले, तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. जन्मभर तांबड्या मातीत घुमलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढचे सामने १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे होते. या वेळी पैशांची मोठीच विवंचना पडली. गावकऱ्यांनी व दुकानदारांनी यथाशक्ती मदत केली, पण ती पुरेना. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि विद्यार्थी रिकाम्या हाताने परतला असता तरी कर्ज काही टळणार नव्हते!

खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. गावाने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. गुलाल उधळला गेला, पण प्राचार्यांचे घर गहाणच होते.

खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले आणि स्वतः लांग चढवून त्यात उतरले. यात जोखीम होती. गादीवरच्या कुस्तीत गुण मोजतात. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावावी लागते. एखादा डाव चुकला की मल्ल चीत, मग त्याच्या गळ्यात पदक कोणतेही असो. पदकविजेत्याला आस्मान दाखविण्याची हौस कोणत्या मल्लाला नसेल? हरण्याने पदक परत गेले नसते हे खरे. परंतु नाव गेले असते, आणि पैलवानाची खरी मिळकत नाव हीच असते.

परोपकारासाठी शरीर पणाला लावणारे इतरत्रही झाले आहेत. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने १९८० साली एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावून कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा जमविला. खाशाबांना मात्र एकच दार उघडायचे होते, आणि ते त्यांच्या गुरुजींचे होते.

त्यांनी कुस्त्या जिंकल्या, मिळालेले पैसे प्राचार्य खर्डेकरांच्या स्वाधीन केले आणि गहाण पडलेले घर सोडविले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले.