शू आणि शीचं साटंलोटं

दिवसा चड्डी ओली करणाऱ्या मुलाला सगळे 'आळशी' म्हणतात. मोशीतल्या आमच्या बालरुग्णांच्या दवाखान्यात दार लोटलं की वेगळंच ऐकायला मिळतं.

पहिलीतली एक मुलगी खेळता खेळता टाचेवर बसकण मारायची. आजी कौतुकाने म्हणाल्या, "वज्रासन घालते हो!" ही बैठक विन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्येच नोंदवून ठेवली आहे. मूत्राशय भरण्याआधीच आवळायला लागलं की मूल टाच दाबून शू थोपवतं. आळशी म्हणून आणलेली पोर दिवसभर तेवढ्याच कष्टात होती.

दुसऱ्या घरात आईचं म्हणणं पाणी पाज, आजीचं म्हणणं बंद कर. आम्ही दोघींच्या हाती वही आणि मापाचं भांडं दिलं. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावायला हवं, वहीत साठ-सत्तरच्या पुढे आकडा जाईना. बाटली मात्र शाळेतून भरलेलीच परत यायची. घट्ट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. पाणी आजींनी तोडलंच नव्हतं. शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून पोरानेच सोडलं होतं.

सगळ्यात मोठी खडाजंगी चाकणला रात्रपाळी करणाऱ्या एका बाबांशी झाली. "लघवीसाठी आलोय, तुम्ही शीचं काय विचारताय?" सोनोग्राफीत मलाशय गच्च भरलेलं आणि मूत्राशयावर रेललेलं दिसत होतं. लोएनिंग-बाउके नावाच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांचा अभ्यास छापला. त्यातली २९ टक्के दिवसाही ओली होत. त्यांतल्या ज्यांचं पोट साफ राहिलं, त्यांपैकी ८९ टक्क्यांचं दिवसाचं ओलं होणं थांबलं. कमोडवर पाय लोंबकळतात म्हणून पायाखाली पाट ठेवा, असंही बाबांना सांगितलं. बाबा पोट साफ करायच्या पावडरची चिठ्ठी घेऊन तणतणत गेले. पुढे कंपनीतून त्यांचाच फोन आला: "पावडर संपत आलीय, बंद तर करायची नाही ना?"

मूत्राशयाचं आवळणं कमी करणारं ऑक्सिब्युटिनिन लागतं तेव्हा देतोच, पण त्याने तोंड कोरडं पडतं आणि पोटही धरतं. पोटाकडे न बघता गोळी सुरू झालेली एक मुलगी थोडे दिवस कोरडी राहिली. मग शी अडली आणि चड्डी पुन्हा ओली.

दर दोन-तीन तासांनी शूला जायचं, हा उपचार बिनखर्चाचा. पण तो शाळेच्या घंटेत बसवायचा कसा? एका मुलासाठी आम्ही बाईंना चिठ्ठी दिली. बाईंनी ती वाचून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या तासानंतर सगळ्या वर्गालाच सोडायला लागल्या. त्याचं एकट्याचं नाव कुणी घेऊ नये म्हणून.