एचटीटीपी चाचणी साधने

वेब एपीआयकडे पाठविलेली विनंती आणि तिला आलेला प्रतिसाद मूळ स्वरूपात तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय साधनांना एचटीटीपी चाचणी साधने म्हणतात. लिखित आज्ञांवर चालणारे कर्ल (१९९८) आणि अभिनव अस्थाना यांनी तयार केलेले पोस्टमन (२०१२) ही त्यांपैकी परिचित साधने होत.

दोष शोधताना प्रथम स्थितिसंकेत पाहतात. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. ५०० पासूनचे संकेत सर्व्हरकडील बिघाड दर्शवितात. मात्र २०० हा यशाचा संकेत आला म्हणजे हवे ते मिळाले असे नव्हे. मराठी विकिपीडियाच्या एपीआयकडे ‘दापोली’ऐवजी ऱ्हस्व ‘दापोलि’ची मागणी केली आणि त्या नावाचे पान नसले, तरी संकेत २००च येतो, पान नसल्याची नोंद प्रतिसादाच्या मजकुरात असते. शुद्धलेखनाची चूक येथे निमूटपणे दडते.

देवनागरी शीर्षकांची दुसरी अडचण पत्त्याची. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ वर्णांनी लिहितात. ‘दापोली’त काना-मात्रा-वेलांटी धरून ६ चिन्हे आहेत, त्यांचे ५४ वर्ण होतात. ब्राउझर हे रूपांतर आपोआप करतो, कर्लला ते सांगावे लागते. त्यामुळे ब्राउझरात चालणारी विनंती कर्लमध्ये फसू शकते. अशा वेळी कर्लचा सविस्तर नोंदींचा पर्याय वापरून प्रत्यक्ष गेलेला पत्ता पाहावा. त्यात प्रत्येक टक्केचिन्हापुढे २५ हा आकडा दिसत असल्यास रूपांतर दोनदा झालेले असते.